गाडी उचलण्यापूर्वी

स्मरणिकेच्या संपादकांचा दूरध्वनी आला, त्या वेळी मी ट्रान्सपोर्ट नगरातील एका गॅरेजात माझ्या जिप्सीखाली उताणा पडलो होतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात सुताराची टेप. “यंदाही मधुमेहावरच लिहिणार ना?” असे त्यांनी विचारले. गेल्या काही स्मरणिकांतून मी मधुमेहावर लिहीत आलो आहे, आणि डॉक्टरांनी डॉक्टरांना मधुमेह समजावून सांगावा यात कोणाचे कितपत हित साधते, याविषयी मला अलीकडे शंका येऊ लागली आहे. म्हणून यंदा ज्या विषयात मी स्वतः अडाणी होतो, घाईने चुकीचा उपचार घेतला आणि त्याचे दुष्परिणामही भोगले, अशा विषयावर लिहितो असे त्यांना सांगितले. विषय आहे जुन्या गाडीची उंची वाढविण्याचा, आणि तोही आपल्यासारख्यांना परवडेल अशा खर्चात. आपल्या मंडळातील कित्येकांकडे जुन्या जिप्सी, बोलेरो, सफारी आहेत, आणि खेड्यांतील शिबिरांना त्याच गाड्या जातात. त्यामुळे हा विषय स्मरणिकेत अगदीच अस्थानी ठरू नये.

माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व जण नाना म्हणत असू, साठच्या दशकात सबलगढला रुग्ण तपासायला जात ते छोट्या लाइनच्या गाडीने. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून चालणारी ही गाडी १९०९ साली श्योपूरपर्यंत पोचली होती. ती ताशी किती मैल जाते याची चेष्टा करीत आमची पिढी वाढली, परंतु चिखलात रुतून बसल्याचे मात्र तिच्याविषयी कधी ऐकले नाही. २०२० साली ती बंद झाली आणि तिच्या जागी मोठ्या लाइनचे काम सुरू झाले. नानांची चामड्याची बॅग माझ्याकडे आली, त्याबरोबर सबलगढकडे जाण्याची खोडही आली. फक्त मला जावे लागते ते मुरैना, जौरा, कैलारस असे सडकेने, आणि सडक संपल्यावर पुढे चंबळच्या बीहडांच्या कडेकडेने जाणाऱ्या कच्च्या वाटेने.

माझी जिप्सी २००४ सालची. पेट्रोलवर चालणारी, तेराशे सीसीची, पुढे-मागे चारही चाकांवर पाट्यांची स्प्रिंग असलेली. या पाट्यांना इथले मिस्त्री ‘कमानी’ म्हणतात. हे वाहन आपल्या देशात १९८५ च्या अखेरीस आले आणि लष्कराने, पोलिसांनी, वनखात्याने ते इतके वापरले की मुरारच्या छावणीजवळ राहणाऱ्या कोणालाही त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. आता त्याचे उत्पादन थांबले आहे, परंतु त्याचे सुटे भाग आणि त्याविषयीची मते दोन्ही मुबलक मिळतात.

२०२२ च्या ऑगस्टमधील ती रात्र. आमचे दोन दिवसांचे शिबिर होते आणि आम्ही गावातील शाळेतच मुक्काम केला होता. पहाटे तीनच्या सुमारास एका तरुण मजुराला घेऊन त्याचे नातलग आले. रात्री जमिनीवर झोपला होता, पोटात दुखते म्हणून उठला, आणि आता डोळे उघडत नाहीत. दंशाची खूण कोठे दिसेना. आपणा सर्वांना निदान सांगण्याची आवश्यकता नाही. मण्यारच होती. आमच्या औषधपेटीत त्या वेळी प्रतिविष नव्हते. ही उणीव माझी, ती त्या रात्रीनंतर एकदाही राहिलेली नाही. त्याला जिप्सीच्या मागच्या भागात आडवे केले, आम्ही चौघे आणि त्याचे दोन भाऊ चढलो, आणि घाईत औषधांच्या तीन ट्रंका आणि ऑक्सिजनचे दोन सिलिंडर तसेच गाडीत राहिले.

पक्की सडक तीन किलोमीटरवर होती. निम्म्या वाटेवर गाडी बसली. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्यांत आमची चाके, आणि मधला मातीचा उंचवटा गाडीच्या पोटाला भिडलेला. चारही चाके जोडली, हलका गिअर घातला. चाके फिरत राहिली, गाडी जागची हलली नाही. ट्रॅक्टर येऊन आम्हाला ओढून काढीपर्यंत ४० मिनिटे गेली. तेवढा वेळ मी आणि आमच्या सिस्टर आळीपाळीने अंबू बॅगेने त्याचा श्वास चालवीत होतो. सबलगढला प्रतिविष सुरू झाले, ग्वाल्हेरला तीन दिवस व्हेंटिलेटर लागला, आणि नवव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. कोणी मला काही बोलले नाही. उलट त्याच्या भावाने दिवाळीला गुळाची ढेप आणून दिली. पण त्या ४० मिनिटांत माझ्या हाताखाली त्या मुलाची छाती माझ्याच जोरावर वर-खाली होत होती, आणि कारण काय, तर गाडी जमिनीपासून चार बोटे कमी उंच होती. निदान मला तेव्हा तसे वाटले.

गाडी उंच करायची असे मी त्याच आठवड्यात ठरविले. येथे माझी पहिली चूक झाली. तपासणीच्या आधी मी औषध मागविले.

बाजारात अशा सामानाच्या अनेक जाती आहेत. सर्वांत वरच्या वर्गात बाहेरून येणारे संपूर्ण संच. ऑस्ट्रेलियातील ‘ओल्ड मॅन ईमू’सारख्या नावांचे, ज्यांत चारही बाजूंचे नवे पाटे, त्यांना जुळणारे चार शॉकअब्सॉर्बर, बुश आणि बोल्ट सारे काही एका हिशेबाने बनविलेले असते. मला सांगितलेली किंमत ८०,००० रुपयांच्या पुढे होती, बसविण्याचा खर्च वेगळा. माझ्या गाडीची बाजारातील किंमत पाहता हे म्हणजे जुन्या घराला संगमरवरी उंबरा बसविण्यासारखे झाले असते. सर्वांत खालच्या वर्गात दोन लोखंडी पट्ट्यांचे लांब शॅकल. पाट्याचे एक टोक चौकटीला ज्या झुलत्या कडीने जोडलेले असते, ती कडी म्हणजे शॅकल. ती लांब केली की गाडी वर जाते. किंमत ६,५०० रुपये, कुरिअरने घरपोच, ‘दोन इंच उंची’ अशी हमी. मी दुसरे घेतले. आपल्यापैकी कोणीही बहुधा तेच घेतले असते.

दीड तासात काम झाले. गाडी दोन इंच नव्हे, एकच इंच वर गेली. याचे कारण शाळकरी भूमितीचे आहे, परंतु ते मला नंतर सुचले. पाट्याचे एक टोक स्थिर आणि दुसरे दोन इंचांनी खाली गेले, तर मध्यावर बसलेल्या ॲक्सलपाशी फरक पडणार एकच इंच. तरीही मी खूष होतो. गाडी रुबाबदार दिसू लागली. सौभाग्यवतींनी मात्र पहिल्याच दिवशी विचारले, “आता साडी नेसून यात कसे चढायचे?” त्या प्रश्नाला मी फारसे महत्त्व दिले नाही.

दोन-तीन आठवड्यांत जाणवू लागले की साठच्या पुढे गाडी सरळ रेषेत राहत नाही. स्टीअरिंग सतत किंचित डावीकडे-उजवीकडे आवरावे लागते. सरळ रस्त्यावर हात सोडला की पूर्वी ते आपण होऊन मध्यावर येई, आता येत नव्हते. पुढच्या चाकांचा जो आस असतो तो वरून थोडा मागे झुकलेला असावा लागतो. सायकलच्या पुढच्या चिमट्याचा कल आठवावा. या कलाला कॅस्टर म्हणतात आणि त्याच्याच जोरावर चालती गाडी सरळ राहते. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल अगदी पुढच्या टोकाला असते. तेथे कडी लांब केली की सारा ॲक्सल पुढे वळतो आणि तो कल कमी होतो. मागच्या बाजूस तसेच काहीसे होऊन गाडीच्या लांब दांड्याचा कोन बदलतो, आणि त्याच्या टोकाचा जॉइंट, ज्याला मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात, थरथरू लागतो. ही थरथर माझ्या आसनाखाली येत असे. मी ती रस्त्याच्या माथी मारीत राहिलो.

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी आम्ही मुरैन्याहून ग्वाल्हेरकडे परतत होतो. धुके उतरू लागले होते. मागे खुब्याचे हाड मोडलेली एक म्हातारी आडवी होती, तिच्या उशाशी सिस्टर. अचानक एक नीलगाय दुभाजक ओलांडून समोर आली. मी स्टीअरिंग वळविले, ते नेहमीपेक्षा अधिक वळले, परत आणले तर तिकडे अधिक गेले, आणि गाडी तीन वेळा डोलली. तिसऱ्या डोलण्यात डावी चाके हलकी झाल्याचे मला स्पष्ट जाणवले. नीलगाय वाचली, आम्ही वाचलो. म्हातारीच्या किंकाळीचे कारण वेदना की भीती, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, गाडी उंच झाली, पण आपण काही तरुण झालो नाही.” सिस्टर ६२ वर्षांच्या आहेत, उंचीने लहान आहेत, आणि गेली ३० वर्षे माझ्याबरोबर या वाटेवर आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लांब शॅकल काढून जुने बसविले.

त्यानंतर मला त्या उस्तादांकडे कोणीतरी पाठविले. त्यांचे दुकान म्हणजे एक भट्टी, एक ऐरण आणि ट्रकच्या कमानींचे ढीग. त्यांनी जिप्सीभोवती एक फेरी मारली, मागच्या बंपरवर हात टेकून गाडी दोनदा दाबली, आणि म्हणाले, “डाक्साब, गाड़ी बैठ गई है। इसे उठाने से पहले खड़ी तो करो।”

मला माझ्या एम.डी.च्या पहिल्या वर्षाची आठवण झाली. आमचे सरही असेच रुग्णाकडे नुसते पाहून निम्मे निदान करीत, आणि आम्ही हातात रिपोर्टांची चळत घेऊन उभे असू.

मग आम्ही मोजमापे घेतली, जी मी सहा महिन्यांपूर्वीच घ्यायला हवी होती. ज्यांना गाडीवर एक रुपयादेखील खर्च करायचा आहे त्यांनी आधी हे करावे, म्हणून सविस्तर लिहितो. गाडी सपाट फरशीवर, टायरांत योग्य हवा, टाकी निम्मी. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत उभे अंतर मोजावे. माझ्या गाडीत मागची उजवी बाजू डावीपेक्षा अडीच सेंटिमीटर खाली होती. वीस वर्षे ज्या बाजूला चालक आणि पेट्रोलची टाकी, ती बाजू. नंतर आमच्या शिबिराचे सर्व सामान चढवून पुन्हा मोजले. मागचा भाग आणखी सात सेंटिमीटर खाली गेला आणि ॲक्सल व रबरी ठोकळा यांच्यात जेमतेम दोन बोटांची फट राहिली. तीन ट्रंका काट्यावर ठेवल्या तेव्हा भरल्या ११२ किलो. त्यांतील निम्मी औषधे वर्षभर परत येत होती आणि जात होती, हे मला ठाऊक होते आणि तरी ठाऊक नव्हते.

त्यानंतर गाडीखाली शिरून पोटावरचे ओरखडे पाहिले. गाडी कोठे टेकते हे तिच्या अंगावरच लिहिलेले असते. पुढच्या बंपरवर काही नाही. मधल्या आडव्या पट्टीवर किरकोळ. सायलेन्सरच्या नळीवर दोन खोल चरे. आणि मागच्या ॲक्सलच्या मध्यावरील डिफरन्शियलचा जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या तळाचा रंग तळहाताएवढा घासून गेलेला, धातू चकाकत होता. ऑगस्टच्या त्या रात्री मातीच्या उंचवट्यावर मुख्यतः हाच गोळा बसला होता.

येथे मी काही क्षण तसाच पडून राहिलो. कारण पाट्यांवर गाडीची चौकट आणि वरचे शरीर बसलेले असते. ॲक्सल पाट्यांवर बसलेला नसतो, तो चाकांवर असतो. पाटे, शॅकल, ठोकळे यांपैकी काहीही बदलले तरी वरचे शरीर उचलले जाते. डिफरन्शियलचा गोळा जेथल्या तेथे, जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर. मी ६,५०० रुपये घालून म्हातारीला आणि सिस्टरांना ज्या धोक्यात घातले, त्या उपायाने ऑगस्टमधला तो गोळा केसभरही वर गेला नसता.

तो गोळा वर नेण्याचा एकच मार्ग, मोठे टायर. माझ्या गाडीला मूळचे २०५/७० आर १५. हिशेब सोपा आहे. रुंदी २०५ मिलिमीटर, तिच्या ७० टक्के म्हणजे १४३.५ ही टायरच्या भिंतीची उंची. अशा दोन भिंती आणि मध्ये १५ इंचांची, म्हणजे ३८१ मिलिमीटरची रिम. एकूण व्यास ६६८. याऐवजी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७०३. फरक ३५ मिलिमीटर, पण जमिनीपासून वर जाणार त्याच्या निम्मे, म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. शिवाय वेगमापक पाच टक्के कमी दाखवू लागतो. काटा साठवर असेल तेव्हा गाडी त्रेसष्टने धावत असते. पावणेदोन सेंटिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटते. कंपनीने दिलेली २१० मिलिमीटरची मोकळी जागा लक्षात घेता ते आठ टक्क्यांहून अधिक आहे.

एका ओळखीच्या वेल्डरने आणखी एक उपाय सुचविला होता. जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खालून जातात, ते वरून न्यायचे. चार इंच उंची एका झटक्यात, खर्च १५,००० रुपये. हा प्रकार जगभर हौशी लोक करतात आणि जाणकाराने केला तर चालतोही. परंतु त्याबरोबर स्टीअरिंगचे दांडे, ब्रेकच्या नळ्या, लांब दांड्याची लांबी हे सारे बदलावे लागते, आणि ते बदलायचे तर १५,००० चे काम तिपटीवर जाते. न बदलता केले तर काय होते, याचे रुग्ण आपल्या आर्थोपेडिक मित्रांकडे येतात.

डोलण्याच्या त्या अनुभवानंतर मी थोडे वाचन केले. जिप्सीचे छोटे भावंड ‘सामुराई’ या नावाने अमेरिकेत विकले जात असे. १९८८ साली तेथील ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने अडथळा चुकविण्याच्या चाचणीत ती गाडी उलटण्याकडे झुकते असे सांगून तिला ‘अस्वीकार्य’ ठरविले. विक्री घसरली, १९९६ मध्ये सुझुकीने दावा लावला, आणि २००४ साली दोघांत समझोता झाला. कोण बरोबर होते, हे सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. आपली जिप्सी त्या भावंडापेक्षा लांब आहे, आणि नंतरच्या गाड्यांत चाकांतील अंतरही वाढविले गेले. पण त्या वादातून एक साधा भागाकार सर्वसामान्यांपर्यंत पोचला. डाव्या-उजव्या चाकांतील अंतराचे निम्मे घ्यावे आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. उत्तर जितके लहान, तितकी गाडी उलटण्यास सोपी. अमेरिकी सरकारने २००१ पासून गाड्यांना उलटण्याविषयीचे तारे दिले ते याच भागाकारावरून. माझ्या गाडीत चाकांतील अंतर १३०० मिलिमीटर. गुरुत्वमध्याची उंची मी अंदाजाने ६५० धरली. भागाकार १ येतो. सारे शरीर १०० मिलिमीटर वर नेले तर तो ०.८७ होतो. त्यात छतावर ट्रंक बांधली, मागे आडवा रुग्ण आणि त्याच्या उशाशी बसलेल्या सिस्टर असल्या, की हा आकडा कागदावरचा राहत नाही.

कायद्याचाही एक मुद्दा आहे, आणि तो दुकानदार सांगत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पंधरा वर्षांवरील गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते, तेव्हा निरीक्षकासमोर ती उभी करायचीच आहे. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस सर्वांत आधी गाडीखाली वाकून पाहतो. झिजलेली वस्तू मूळ मापावर आणणे ही दुरुस्ती. त्यापलीकडे जाणे हा बदल. मी या रेषेच्या अलीकडे राहायचे ठरविले. म्हणून मोठ्या टायरांचा मोहदेखील सोडला. मूळ मापाचेच, परंतु खोल नक्षीचे, चिखलात पकड धरणारे चार टायर घेतले. पावणेदोन सेंटिमीटर गेले ते गेले. माझ्या एका सहकाऱ्याचे मत आहे की मी येथे अति भित्रेपणा केला. असेलही.

उस्तादांनी काय केले ते सांगतो. चारही कमानी उतरवून पाटे सुटे केले. दोन पाट्यांना चिरा गेल्या होत्या, ते नवे घातले. बाकीचे तापवून पुन्हा मूळ वाकावर आणले आणि त्यांना पाणी दिले. हे काम ज्याच्या हातात कला आहे त्यानेच करावे. पाणी कमी झाले तर पाटा महिन्यात पुन्हा बसतो, अधिक झाले तर काचेसारखा तडकतो. मागच्या दोन्ही कमानींचा सर्वांत खालचा पाटा झिजून पातळ झाला होता, तोही मूळ जाडीचा बसविला. सर्व बुश नवे, सर्व यू-बोल्ट नवे. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, यावर उस्ताद ठाम होते, आणि जुने बोल्ट त्यांनी माझ्यासमोर भंगारात टाकले. चार नवे शॉकर, मूळ लांबीचे. शेवटी ब्रेकच्या नळ्या चाक पूर्ण लोंबकळत ठेवून तपासल्या, आणि चाकांचा कल जुळवून घेतला. टायर सोडून सगळा खर्च ३१,४०० रुपये. मागची बाजू रिकाम्या गाडीत चार सेंटिमीटर वर आली, पुढची अडीच, आणि उजवी-डावी समान झाली.

ज्यांच्याकडे बोलेरो आहे त्यांना मागच्या कमानींच्या बाबतीत हाच मार्ग लागू आहे. जुनी सफारी वेगळी. तिच्या पुढच्या बाजूस पाट्यांऐवजी पिळाची लांब कांब असते, आणि तिचा बोल्ट फिरवून फुकटात इंचभर उंची मिळते. ही सवलत मोहक आहे. पण त्यामुळे चाकाला खाली जाण्यास जागा उरत नाही, आणि प्रत्येक खड्ड्यात ठोके बसू लागतात. कांब बसल्यामुळे गाडी खाली आली असेल तर मूळ मापापर्यंत बोल्ट फिरवावा, पुढे नाही.

ट्रंकांचेही ऑपरेशन केले. ११२ किलोंवरून ६० वर आलो. प्रतिविष आता त्यात असते, आणि परत येणारी सिरपे नसतात. एक फावडे आणि बाभळीच्या दोन जाड फळ्या मात्र वाढल्या.

गेल्या पावसाळ्यात त्याच वाटेने त्याच गावाला गेलो. चाकोऱ्या होत्या तशाच होत्या, किंबहुना अधिक खोल. त्यांच्यापाशी गाडी थांबविली, उतरून चालत पाहून आलो, आणि चाके चाकोरीत न घालता एक मधल्या उंचवट्यावर आणि एक बाहेरच्या काठावर ठेवून हळूहळू पुढे नेली. सिस्टर पुढे बॅटरी घेऊन चालत होत्या आणि डावा हात वर-खाली करून मला दिशा देत होत्या. दोनदा गोळा मातीला लागला, आवाज आला, पण गाडी बसली नाही. पलीकडे पोचल्यावर त्या बॅटरी विझवून गाडीपाशी आल्या आणि थांबल्या. मूळ मापावर आलेली जिप्सीदेखील त्यांच्या गुडघ्यांना उंचच होती.

आता गाडीत आमच्या स्वयंपाकघरातला सागवानी पाट असतो. सिस्टर त्यावर पाय ठेवून चढतात, आणि मग कोणीतरी तो उचलून आत देतो. गणपतीत सौभाग्यवती तो परत मागतात, तेव्हा त्यावरचा बीहडाचा चिखल धुऊन मला तो पाच दिवसांपुरता द्यावा लागतो.